गावाबद्दल बोलण्याचा हक्क

सातारा-सांगलीकडची गावं कशी चालावीत, यावर सगळ्यात ठाम मतं आज गावाबाहेर राहणाऱ्यांची असतात. वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव, कुठल्याही तालुक्यातलं गाव घ्या. दोन-चार घरांतली मुलं अमेरिकेत, जर्मनीत नाहीतर आखातात असतातच. डिसेंबर-जानेवारीत ती येतात, लग्नकार्यं उरकतात, देवदर्शन करतात आणि जाताना निकाल देऊन जातात: इथं काही व्हायचं नाही. चौकाचौकांत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, साखर कारखान्याच्या निवडणुकीत भाऊबंद एकमेकांच्या उरावर, शिकलेली पोरं पारावर बसलेली. वर्षभर मग हेच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येत राहतं. गावातली निम्मी माणसं त्यावर मान डोलावतात, कारण बोलणारा शिकलेला आणि पैसेवाला. उरलेली चिडतात, ‘तिकडं बसून शहाणपण शिकवू नका’ म्हणतात.

मला दोन्ही पटत नाही. बाहेर राहणाऱ्याला इथल्या समाजाबद्दल आणि राजकारणाबद्दल बोलायचा पूर्ण हक्क आहे. माझी अट एकच आहे. ज्यांच्याबद्दल तो बोलतो, त्यांना त्याला उलटा प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि त्याचं म्हणणं चुकीचं निघालं तर त्याची थोडी तरी झळ त्यालाही लागली पाहिजे. ही अट जिथं पाळली गेली, तिथं बाहेरच्या माणसाच्या मतानं या भागाचं भलं झालं आहे.

आधी त्यांच्या बाजूचं सांगते. काही गोष्टी गावात राहणाऱ्याला दिसेनाशा होतात. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९०० च्या खाली होती. या दोन्ही जिल्ह्यांचा मोठा भाग बागायतीचा. ऊस, द्राक्षं, हळद, दूध, गावोगावी हायस्कूल. सोनोग्राफीचे पैसे परवडायला लागले आणि मुली कमी झाल्या. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले भ्रूण सापडले तेव्हा राज्यभर बातमी झाली, आम्हीही हळहळलो, आणि थोड्याच दिवसांत द्राक्षांच्या दराबद्दल बोलायला लागलो. आज गावागावांत पस्तिशीची पोरं बिनलग्नाची आहेत. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, मुलींच्या अपेक्षा वाढल्या, शेतकऱ्याला कुणी मुलगी देत नाही. यात तथ्य आहेच. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मालाच न आलेल्या मुलींचा विषय या बोलण्यात कधी निघत नाही, कारण कुठल्या घरात काय झालं हे आळीत सगळ्यांना ठाऊक असतं आणि रोज त्याच बोळातून जायचं असतं. बाहेरून आलेली एखादी भाची हा प्रश्न जेवणाच्या पंगतीत विचारते. घास थांबतात. असा प्रश्न विचारायला बाहेरचं माणूस लागतं, आणि त्यासाठी मी त्या भाचीची ऋणी आहे.

म्हणून ‘तिकडं बसून बोलू नका’ हे मला मान्य नाही. पण सरसकट निकालही मान्य नाही. ‘इथं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांतले कितीतरी जण रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेत. ही संस्था कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी स्थापन केली, आणि पुढं तिची वसतिगृहं लोकांच्या घरातल्या मूठभर धान्यावर चालली. मग सांगलीचं १९४७ मध्ये सुरू झालेलं वालचंद कॉलेज, नाहीतर कऱ्हाडचं १९६० चं सरकारी इंजिनिअरिंग. परदेशी नोकरीचा पाया त्या वर्गांत, त्या वेळच्या फीमध्ये, या जिल्ह्यांच्या सामाजिक शहाणपणावर घातला गेला. तो पाया ज्यांनी घातला ती माणसंही याच भाऊबंदकीत, याच जातीपातीत, याच गटबाजीत राहत होती.

बाहेर राहूनही गावाशी बांधलेलं असण्याची आपली स्वतःची एक जुनी रीत आहे. जावळी, पाटण, खटाव, माण या तालुक्यांतल्या गावांची मुंबईत मंडळं असायची, अजूनही आहेत. गिरणगावात गावाची खोली असे. एका खोलीत वीस-तीस जण, पाळीपाळीनं झोपायचं, प्रत्येकाची एक ट्रंक. पुढं हीच माणसं माथाडी झाली; पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. या मुंबईकरांना गावच्या कारभारात वजन होतं. शाळेची खोली कुठं बांधायची, देवळाचा जीर्णोद्धार कधी, सरपंच कोण, सगळ्यांत त्यांचा शब्द चाले. पण ते वजन फुकटचं नव्हतं. ते महिन्याला वर्गणी देत, यात्रेला येत, आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसे, तिथं मंडळाच्या पैशाचा हिशेब मांडावा लागे. गावातला फाटका माणूसही उठून म्हणू शके, ‘गेल्या साली पाण्याच्या टाकीचं बोलला होता, काय झालं?’ त्यांची बायकापोरं, म्हातारी आई गावातच असल्यामुळं चुकीचा निर्णय झाला तर पहिली झळ त्यांच्याच घराला बसे. विट्या-आटपाडीकडचे गलाईवाले सोन्याचांदीच्या आटणीच्या धंद्यासाठी देशभर पसरले, त्यांचंही साधारण असंच आहे. केरळात दुकान असलेला माणूस यात्रेला, लग्नाला, ग्रामपंचायतीच्या मतदानाला येतो, आणि येतो तेव्हा पारावर त्याची उलटतपासणी होते.

ही रीत सरंजामी होती, तिच्यात बायकांना आणि दलित वस्तीला जागा नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. देवळातल्या त्या बैठकीत माझ्या आजीच्या पिढीतली एकही बाई बसली नसेल. पण उत्तर देण्याची सवय तिच्यात होती, ती आज परदेशातल्या आपल्या माणसांत राहिलेली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. तो लांबत गेला तसे हजारो कामगार गावी परतले. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात ते परतले तेव्हा दुष्काळ होता आणि काम म्हणजे रोजगार हमीवर खडी फोडणं. मुंबईत मोर्चे काढलेली, युनियनच्या सभा ऐकलेली ही माणसं. त्यांनी खडी फोडता फोडता एक प्रश्न काढला: दर दुष्काळात रस्त्यासाठी खडीच का फोडायची, दुष्काळ हटेल असं काम रोजगार हमीवर का नाही? त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. गावकऱ्यांनी म्हटलं, ही वाळू आमची, थोडी आम्हाला विकू द्या, त्या पैशात आम्ही धरण बांधतो. तांदूळवाडी-बलवडीचं बळीराजा स्मृती धरण असं झालं, आणि त्याचं पाणी भूमिहीनांसह सगळ्यांना वाटून देण्याचं ठरलं. पाणी जमिनीच्या मापानं न देता माणसांच्या मापानं द्यायचं, हा विचार पुढं आटपाडीच्या पाणी परिषदांतून, समन्यायी पाणीवाटपाच्या मागणीतून सगळ्या दुष्काळी पट्ट्यात पोचला.

या माणसांनी मुंबई पाहिली नसती तर हा प्रश्न त्यांना कदाचित सुचला नसता. बाहेर जाण्याचा एवढा फायदा आहे. पण मुंबईतल्या खोलीत बसून तो सुचला असता, तर तो यात्रेच्या बैठकीतलं एक भाषण होऊन संपला असता. खडी फोडणारे हात त्यांचेच होते, म्हणून तो टिकला.

त्याच चळवळीत एक बाई होत्या, जन्मानं अमेरिकन. डॉ. गेल ऑम्व्हेट. १९४१ मध्ये मिनियापोलिसला जन्म. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या महात्मा फुल्यांच्या परंपरेतल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला महाराष्ट्रात आल्या आणि १९७३ मध्ये बर्कलेहून त्यावर डॉक्टरेट मिळवली. परदेशी अभ्यासक बहुधा इथवर येऊन थांबतात. कागदपत्रं जमवतात, मुलाखती घेतात, परत जाऊन पुस्तक लिहितात, आणि ते पुस्तक ज्यांच्यावर असतं त्यांच्या हाती कधी लागत नाही. गेल परत गेल्या नाहीत. त्यांनी चळवळीतले कार्यकर्ते डॉ. भारत पाटणकर यांच्याशी लग्न केलं, वाळवा तालुक्यातल्या कासेगावात घर केलं, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. त्या शलाका पाटणकर झाल्या. सासूबाई इंदुताई स्वातंत्र्यलढ्यातल्या, प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारच्या, काळात काम केलेल्या. अशा घरात ही सून मराठीत भांडायला शिकली. परित्यक्ता बायकांच्या सभा, धरणग्रस्तांचे मोर्चे, श्रमिक मुक्ती दलाची शिबिरं यांत त्यांची चार दशकं गेली. २५ ऑगस्ट २०२१ ला त्या कासेगावातच वारल्या.

त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. खुल्या अर्थव्यवस्थेबद्दल, शेतकरी संघटनेबद्दल, शेतीतल्या नव्या तंत्रज्ञानाबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यावर डाव्या चळवळीतल्या त्यांच्या सोबत्यांनीही वाद घातला. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की तो वाद घालायला कासेगावच्या घरी जाता येत होतं. १९९९ मध्ये नर्मदेच्या प्रश्नावर अरुंधती रॉय यांनी लिहिलं तेव्हा गेल यांनी त्यांना जाहीर पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की धरणाला सरसकट विरोध करताना पाण्यासाठी लढणाऱ्या दुष्काळी शेतकऱ्याचं तुम्ही काय करणार; विस्थापितांनाही पुनर्वसन आणि पाण्याचा वाटा हवा आहे, विकासाच्या बाहेर राहायचं नाही. हे लिहिणारी बाई अमेरिकेत जन्मलेली आणि ज्यांना लिहिलं त्या भारतीय. तरी आटपाडी-खानापूरच्या माळावरच्या बाईची बाजू त्या पत्रात जास्त होती, कारण लिहिणारीनं तो माळ पायाखाली घातला होता. जन्म कुठला, कातडीचा रंग कुठला, याच्याशी बोलण्याच्या हक्काचा संबंध नाही हे मला यावरून पटलं.

मिरजेचं उदाहरण थोडं वेगळं. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं रुग्णालय सुरू केलं. त्यांचा उद्देश धर्मप्रसाराचाही होता आणि त्याबद्दल आक्षेप असू शकतात. पण आयुष्याचा मोठा भाग त्यांनी मिरजेत काढला आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं ते तिथून.

आता उलट बाजू. १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात जेम्स ग्रँट हा ब्रिटिश अधिकारी होता, पुढं ग्रँट डफ म्हणून प्रसिद्ध झालेला. मेहनती आणि अभ्यासू माणूस. त्यानं मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो १८२६ मध्ये इंग्लंडात छापला गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही स्वतःकडं त्याच्या डोळ्यांनी पाहिलं. साताऱ्याच्या गादीवर बसवलेल्या प्रतापसिंह महाराजांना राज्यकारभार शिकवण्याचं कामही त्याच्याकडं होतं. त्याला साताऱ्याबद्दल आस्था नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्याला साताऱ्यात कुणी जाब विचारू शकत नव्हतं. तो ईस्ट इंडिया कंपनीला उत्तर देत होता, आणि त्याच कंपनीनं १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडलं, १८४८ मध्ये राज्यच खालसा केलं.

आणि त्याच अन्यायाची दाद मागायला साताऱ्याचा एक माणूस लंडनला गेला. रंगो बापूजी गुप्ते. सुमारे चौदा वर्षं ते तिथं राहिले, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत, पार्लमेंटच्या सभासदांपुढं साताऱ्याची बाजू मांडत राहिले. हाती काही लागलं नाही. परत आले, आणि १८५७ मध्ये त्यांच्या मुलाला, सीतारामला, फाशी झाली. रंगो बापूजी भूमिगत झाले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. परदेशात राहणाऱ्या आजच्या सातारकराला पूर्वज शोधायचा असेल तर हा आहे. घर सोडून, समुद्र ओलांडून राहिलेला, पण साताऱ्याच्या नावानं जे बोलला त्याचं मोल स्वतःच्या घरादारानं दिलेला. सगळ्यांनी परत यावं असं माझं म्हणणं नाही, हे त्यांच्या नावावरून कळावं. राहण्याचा प्रश्न दुय्यम आहे.

बांधिलकी नसली की निदानही उथळ होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली पाण्याखाली गेली, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. परदेशातून मदत आली, भरपूर आली, तिची आठवण इथं आहे. पण मदतीच्या मागोमाग उपदेश आला: नदीच्या पात्रात घरं बांधली, मग पूर येणारच. बोलणं खोटं नाही. पण सांगलीच्या सखल भागातली घरं का झाली? शहरात रीतसर बिनशेती प्लॉट घ्यायची ऐपत नसलेला हमाल, रिक्षावाला, यंत्रमागावरचा कामगार, खेड्यातून आलेला कारकून यांनी गुंठा-गुंठा जमीन स्टॅम्पपेपरवर घेतली. गुंठेवारी. विकणारा शेतमालक, मध्ये दलाल, डोळ्यावर कातडं ओढून बसलेली पालिका, आणि २००१ मध्ये ही बांधकामं नियमित करणारा राज्याचा कायदा. नियमित झाली म्हणजे घरपट्टी सुरू झाली. गटार आणि पाण्याचा निचरा मागं राहिला. सांगलीतल्या शामरावनगरला पाण्याखाली जायला महापूर लागत नाही, दोन तासांचा जोरदार पाऊस पुरतो. लांबून बघणाऱ्याला यात लोकांचा अडाणीपणा दिसतो. इथं राहणाऱ्याला प्लॉट विकणाऱ्याचं नाव माहीत असतं, आणि तो विकणारा कधीकधी त्या परदेशस्थाचा काकाच असतो.

मतदानाच्या हक्काचंही तेच. भारताचं नागरिकत्व न सोडलेल्या परदेशस्थांना २०१० च्या कायदादुरुस्तीनं मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. मत द्यायला मात्र स्वतः यावं लागतं. २०१८ मध्ये त्यांच्या वतीनं प्रतिनिधीनं मत द्यावं असं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पुढं ते बारगळलं. २०२० मध्ये निवडणूक आयोगानं इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेची कल्पना मांडली. मागणी अजून चालू आहे. २०२४ च्या लोकसभेला असे सुमारे एक लाख १९ हजार मतदार नोंदलेले होते, प्रत्यक्ष मत द्यायला आले ते तीन हजारांच्याही आत, आणि त्यांतले बहुतेक केरळचे. विमानाचं तिकीट महाग आहे हे खरं. पण नाव नोंदवायला तिकीट लागत नाही, आणि कोट्यवधी माणसं बाहेर असताना नोंदणी लाखाच्या आसपासच रेंगाळते.

याच्या शेजारी दुसरे स्थलांतरित ठेवून बघा. बीडहून, जतहून कोयता घेऊन आमच्या फडात येणारी जोडपी. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती आणि ऊस गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. मुकादमाची उचल अंगावर असलेलं जोडपं मत द्यायला परत कसं जाणार? त्यांचं सगळं जगणं सरकारी निर्णयांवर लोंबकळतं: उसाची तोडणी, रेशन, पोरांची शाळा, बाळंतपण. अशा देशांतर्गत स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगानं २०२२ च्या अखेरीस जाहीर केला, पक्षांनी शंका काढल्या आणि ते यंत्र वापरात आलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. आधी कोयत्यावरच्या माणसाला तो जिथं असेल तिथून मत देता आलं पाहिजे. दुबईत कामगार-छावणीत राहणाऱ्या, व्हिसा मालकाच्या हातात असलेल्या पोराला त्यानंतर लगेच. कॅलिफोर्नियातल्या घरातून गावच्या आमदाराला मत देण्याची सोय रांगेत शेवटी आली तरी चालेल.

परदेशस्थाला इथं आज काहीच करता येत नाही असंही नाही. बहुतेकांच्या नावावर सात-बारा आहे, कारखान्याचा शेअर आहे. कारखान्याच्या राजकारणाला शिव्या देणारा माणूस स्वतः सभासद असतो. त्याची सवलतीची साखर भाऊ उचलतो, आणि वार्षिक सभेला तो कधी गेलेला नसतो. त्याची जमीन कुणीतरी वाट्यानं करतो, तोंडी बोलीवर. कागद करत नाहीत, कारण कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही भीती १९४८ च्या कूळकायद्यापासून घराघरात मुरलेली आहे. कागद नाही म्हणून वाटेकऱ्याला पीककर्ज मिळत नाही, पीकविमा त्याच्या नावानं भरता येत नाही. २०१९ ला आणि पुन्हा जुलै २०२१ ला कृष्णाकाठी ऊस आठ-आठ दिवस पाण्यात उभा राहून कुजला. पंचनामा सात-बारावरच्या नावानं झाला आणि भरपाई त्याच नावाच्या खात्यात गेली. बियाणं, खत, मजुरी घातलेला वाटेकरी मालकाच्या फोनची वाट बघत राहिला. काही मालकांनी आलेली सगळी रक्कम त्याच्या हातात दिली. अशा मालकांनी पुढच्या डिसेंबरात येऊन गावाबद्दल काय वाटेल ते बोलावं, मी बसून ऐकेन. बाकीच्यांनी येण्याआधी वाटेकऱ्याशी वर्षाचा भाडेकरार नोंदवावा. मुखत्यारपत्र दिलं तर पोरगा, पुतण्या, कुणीही जाऊन तो नोंदवू शकतो. पुढचा पूर यायच्या आत तो झालेला असावा.